वाढत्या अंगाचा दस्ता

...न्हाय न्हाय, तुमी बसा, कापड ठेवा, पण टेबलाचं तेवढं मला इचारू नका! दुकानात पाय टाकला की ज्यो त्यो त्येच, "कुंडलिकराव, भुईवर बसून कापड कापताय, टेबल कुठं गेलं?" आरं, गेलं! जगात काय काय जातंय, एक टेबल गेलं तर एवढी चौकशी? माझी कंबर गेली त्याची चौकशी कुणी केली न्हाय! पण तुमाला सांगतो, आज बसलाच हाय तर सगळं ऐकूनच जावा, म्हंजे गावात येगयेगळ्या कथा फिरत्यात त्यातली खरी कोणती ती तरी कळंल. आन एक आधीच सांगून ठेवतो. माप माझं बरुबर हुतं. सुभेदार काय म्हणायचं त्ये म्हणू दे, गेणबा सुतार काय म्हणायचं त्ये म्हणू दे, माप माझं बरुबर हुतं!

आता तुमी म्हणाल, शिंप्याचं माप आन बंदुकीचा काय संबंध? सांगतो की. दम धरा.

ह्या कळस गावात शाळंत जेवढी पोरं हायत, त्यांच्या अंगावरची कापडं ह्या हातानं कापलेली. आमचं घराणं मेंढरावालं. आज्ज्याच्या पायाला भिंगरी, बानं मेंढरं इकून ऊस लावला, आन मी उसाला बी कंटाळलो आन बारामतीला जाऊन शिलाई शिकलो. जवा परत आलो तवा माझ्या आईनं, कुशाबाईनं, मला एकच कायदा घालून दिला. "कुंडल्या, लेकराचं कापड लेकराच्या मापाचं शिवायचं न्हाय. वाढत्या अंगाचं शिवायचं." झालं! आता तुमीच सांगा, ह्यात काय चूक हाय? पोरगं वाढतं, कापड वाढत न्हाय. म्हणून शिवणीत आत जास्तीचं कापड सोडायचं, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणत्यात. खाली चार बोटं दुमड घालायची, बाही मनगटाखाली सोडायची. पोरगं रडलं तर आई म्हणायची, "गप. वाढत्या अंगाचं हाय, चालंल." गावातली एकबी बाई तक्रार घिऊन आली न्हाय. पोरं तक्रार करायची, पण पोराचं कोण ऐकतंय?

आन माझी पोरगी, जयवंता, तिनं तर कधी तक्रारच केली न्हाय! तिचा पयलीतला फ्राक तिनं चौथीपतूर घातला. पयलीत त्यो पायात यायचा, पडायची बिचारी, चौथीत त्यो गुडघ्याच्या वर गेला. मधी एक दुसरीचं वरीस त्यो तिला अगदी अंगाबरुबर आला हुता, फोटो हाय बघा घरात. तेवढं एक वरीस. बाकी सगळा जल्म पोरीनं बाह्या वर सारत काढला. बोलती असली तर एक बाही सारती, गप असली तर दोन्ही. मला वाटायचं सवय हाय तिची. आसतीय एकेकाला सवय.

तर ही जयवंता नववीत गेली आन शाळंत ते बावड्याचं सुभेदार झुंबरराव आलं. पल्टनीतनं रिटायर झालेला माणूस, मिशीला पीळ, आवाज असा की चार वाफ्यांपल्याडचा बैल थांबावा. त्यांनी पोरापोरींची परेड घेतली, आन एक दिवस छर्ऱ्याची बंदूक हातात दिऊन कागदावर निशाण मारायला लावलं. पोरांनी भिंती फोडल्या. एकानं मास्तरांच्या सायकलची घंटी वाजवली. आन जयवंतानं? पाच छर्रे, पाची एका भोकात! सुभेदारांना वाटलं चार भाईर गेलं. कागद उन्हाकडं धरला, भोक बघितलं, पुन्हा पोरीकडं बघितलं, आन सरळ माझ्या दुकानात!

"कुंडलिकराव, आपकी बेटी की नजर देखी है कभी?" मी म्हणलं, सुभेदारसाब, नजर चांगली हाय, सुईत दोरा तीच ओवती. म्हणलं, माझं डोळं आता दगा देत्यात. त्ये म्हणलं, "दोरा सोडा! आयतवारी बारामतीला पाठवा."

बारामतीला काय, तर एका जुन्या कोंबड्यांच्या शेडमधी त्यांनी निशाणबाजी काढलेली. लांब शेड, ह्या टोकाला उभं राहायचं, त्या टोकाला कागद. कोंबड्या जाऊन दोन वर्सं झाली तरी वास काय गेलेला न्हाय, आन पंखा लावला की कुठनं तरी एखादं पीस उडत यायचं. तितं माझी पोरगी दर आयतवारी यस्टीनं जायची. दहा मीटरावर ठिपका असतो, केवढा? टाचणीचं डोकं बघा, त्याच्यापरीस बारीक! मला तर दुकानात हातात टाचणी असली तरी दिसत न्हाय. आन ती मारायची.

पण शेडमधली बंदूक पडली साधी, जत्रंतल्या फुग्याच्या बंदुकीची थोरली भैन. तिच्यावर पुण्याच्या निवडीला जाता येत न्हाय म्हणं. निवड म्हंजे काय, तर बारामतीत स्पर्धा व्हायची, त्यातनं पहिलं तिघं पुण्याच्या शिबिराला जायचं, तिथं राहायचं, खायाचं, शाळा बी तिथंच, आन शिकवायला मोठं मोठं मास्तर. जयवंता घरात कधी काय मागत न्हाय. पण एक दिवस भाकरी खाता खाता म्हणली, "आबा, मला पुण्याला जायाचं हाय." आन खाली बघून पुन्हा खायाला लागली. दोन्ही बाह्या वर.

मग सुभेदारांनी कुठनं तरी, त्यांच्या पल्टनीतल्या कुण्या सायबाकडनं, एक जर्मनीची बंदूक आणली. छर्ऱ्याचीच, पण काय तिचं काम! चाप असा की श्वास सोडला तरी सुटावा. पण नशीब बघा कसं, तिचा दस्ता, म्हंजे मागचं लाकूड, खांद्याला लावतो त्ये, पार मुठीपाशी मोडलेलं. नळी हाय, चाप हाय, दस्ता न्हाय! मला आधी वाटलं, एवढंच ना? लाकूड तर हाय, ठोकू एक. सुभेदार म्हणलं, "कुंडलिकराव, नळी गोळी फेकती. निशाण दस्ता मारतो. दस्ता अंगाला बसला न्हाय तर देव जरी उभा केला तरी दहापैकी दहा येत न्हाय."

म्हणलं, मग इकत आणू. तर त्यांनी एक पुस्तक काढलं, परदेशातलं, गुळगुळीत, आन त्यात फोटो. काय सांगू तुमाला... लाकूडच न्हाय! नुस्ता अल्युमिनियमचा सांगाडा, टरकाची चासी असती ना, तशी चासी, आन जागोजागी स्क्रू. गालाची फळी वर-खाली, बूड म्होरं-मागं, सगळं सरकतंय. सुभेदार बोट ठेवून ठेवून दावत हुतं, "हे बघा, इथं ह्या चकत्या असत्यात, मधी घालायच्या, काढायच्या..." पण खरं सांगतो, माझं ध्यान त्या फोटोतल्या माणसाच्या जाकिटाकडं हुतं. कापड कसलं हुतं! जाड, पट्ट्या पट्ट्यांचं, आन शिवण अशी की टाका दिसंना. मी तिकडंच बघत राहिलो. त्ये जाकीट मला नडलं, ह्ये पुढं कळंल तुमाला.

सांगाडा काय आपल्या आवाक्यातला न्हवता, त्ये सोडा. लाकडाचा करायचा ठरला. आन गावात एकदा ठरलं की लाकडाचा करायचा, की मग काय इचारता! च्याच्या टपरीवर झाडागणिक एक पार्टी. एक म्हणला बाभूळ, "कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा, वखराचा बाभळीचा, बंदुकीचा बाभळीचाच!" दुसरा म्हणला लिंब, वाळवी लागत न्हाय. तिसरा म्हणला आंबा, त्याच्या बांधावरचा आंबा त्याला तोडायचाच हुता. पोलीस पाटील आलं, त्यांनी बंदूक म्हणल्यावर आधी कान टवकारलं, मग छर्ऱ्याची हाय कळल्यावर बसलं, च्या घेतला आन म्हणलं शिसव. आमची म्हातारी कुशाबाई दारातनंच वरडली, "धनगराची काठी कुणी दुसऱ्याला इचारून तोडली का रं? ज्याची काठी त्याच्या उंचीची, त्याच्या हातातली! तिच्या आज्ज्याच्या काठीला दुसरा कोण हात लावत न्हवता!" आता म्हातारी ह्ये स्वतः बोलली बरं का, ज्याची काठी त्याच्या उंचीची. ध्यानात ठेवा.

सुभेदारांनी सगळ्यांना गप केलं. म्हणलं, "लाकूड जुनं पायजे. वाळून वाळून खडखडीत झालेलं, पावसाळ्यात फुगनार न्हाय असं. दस्ता केसभर फुगला की नळी केसभर हलती, आन तिथं केसभर म्हंजे गावभर." आता एवढं जुनं, एवढं वाळलेलं सागवान कुठं असतंय हो? कुणाच्या घराची तुळई काढायची? सगळी टपरी इचारात पडली. आन गेणबा सुतार, हलकट, माझ्या दुकानाकडं बघाया लागला.

माझं टेबल! माझ्या वस्तादानं बारामतीचं दुकान बंद करताना मला दिलेलं. त्याच्यावर त्यांनी कापलं, मग मी कापलं. कैचीचा धक्का खाऊन खाऊन त्याची कड गुळगुळीत झालेली, कुठं फुगवटा न्हाय, कुठं चीर न्हाय. गेणबानं येऊन त्याच्यावर टिचकी मारली, अशी, कलिंगडावर मारत्यात तशी. "कुंडलिकराव, आवाज ऐका." मी म्हणलं, आवाज कसला ऐकतो, पोट भरतंय माझं त्याच्यावर! गेणबा म्हणला, "बघा बाबा. पोरगी तुमची हाय."

झालं ना! जयवंता तिथंच उभी हुती. ती म्हणली, "नगं आबा, टेबल नगं." नगं म्हणली ना, तितंच टेबल गेलं. हवं म्हणली असती तर मी दोन दिवस भांडलो तरी असतो.

आता मापाची गोष्ट. सुभेदार म्हणलं, पोरीच्या कोपरापास्नं बोटाच्या पेरापतूर माप द्या, त्याच्यावर दस्त्याची लांबी. मी म्हणलं, सुभेदारसाब, माप घ्यायचं मला शिकवू नका. पोरीला उभं केलं, कोपर दुमडला, टेप लावला. चोख घेतलं. एक सूत इकडं न्हाय, एक सूत तिकडं न्हाय. माप माझं बरुबर हुतं! मग... आता खडूनं गेणबासाठी फळीवर आकडा लिहायचा, तर हात काय माझा एकट्याचा हाय का? इतक्या वर्सांचा हात, त्याला काय सवय? आन म्हातारी शेजारीच बसलेली, सुपारी कातरत. म्हणली, "वाढत्या अंगाचा कर रं. दरसाली टेबल कुठनं आणायचं?" तुमीच सांगा, खोटं काय बोलली ती? पोरगी नववीत, अजून चार वर्सं तरी वाढनार. एकच टेबल, एकच दस्ता. मी चार बोटं सोडली. लाकडात माया सोडली, मंडळी. कापडात सोडतो तशी.

गेणबानं केला मात्र देखणा. सुरवातीला नांगराचं रुमणं करतो तसा आडदांड काढला, मग सुभेदार रोज उरावर बसलं तसं तासत तासत रूपाला आणला. टेबलाच्या दोन फळ्या सरसानं चिकटवून एक केल्या, हाताला मूठ कोरली, गालाला उंचवटा ठेवला, बुडाला टायरचा तुकडा ठोकला, आन वरनं जवसाचं तेल असं चोळलं की त्यात माझं टेबल मलाच वळखू येईना. फकस्त एका बाजूला माझ्या कैचीचा जुना ओरखडा राहिला हुता, त्यो गेणबानं मुद्दाम ठेवला. कळस गावच्या टपरीनं त्यो दस्ता हातोहाती फिरवला. आईनं हळद-कुकू लावलं. जयवंतानं त्यो खांद्याला लावला आन म्हणली, "झ्याक झालाय आबा."

झ्याक झालाय म्हणली! मग मी काय समजायचं? आँ? तुमी माझ्या जागी असता तर काय समजला असता?

पावसाळा गेला. पोरगी आयतवारी जाती, येती, बोलत न्हाय. म्हणलं दमत आसंल. मान चोळत बसायची. आई लसणाचं तेल लावायची. मी इचारलं, "कसं चाललंय गं?" "चाललंय." बाह्या वर. मग एक दिवस मला बारामतीला अस्तराचं कापड आणायला जायाचं हुतं, म्हणलं चला, शेडात डोकावून बघू. आन जाऊन बघतो तर...

तुमाला काय सांगू! पोरगी बंदूक घिऊन उभी हाय, दस्त्याचं बूड खांद्यावर बसायचं त्ये सरकून पार दंडावर गेलेलं, मान अशी लांब म्होरं काढलेली, शेळी उंच फांदीला तोंड घालती तशी, आन हात चापापतूर जाता जाता नुस्ती बोटाची पेरं पोचतायत. अंग सगळं वाकडं. कुणी बघितलं असतं तर म्हणलं असतं, पोरीच्या पाठीला काय तरी झालंय. आन तिचं कागद तिथं दोरीवर लावलेलं. आधीचं कागद एका भोकाचं. हे कागद म्हंजे चाळण! म्हणलं, सुभेदारसाब, ह्ये काय? सुभेदार मला बाजूला घिऊन गेलं. आवाज बारीक केला, आन त्यो माणूस आवाज बारीक करतो तवा समजायचं की खरंच वाईट हाय.

"कुंडलिकराव, माप कुणाचं घेतलं तुमी?"

"पोरीचं! माप माझं बरुबर हाय!"

"पोरीचं न्हाय ह्ये. तिच्या मोठ्या भैनीचं आसंल. दोन महिने झालं, पोरगी स्वतःला ताणून बसवती त्याच्यात. मी तीन येळा म्हणलं बापाला सांग. ती म्हणती, वडलांनी टेबल मोडून केलाय."

आन तेवढ्यात त्यांनी दिग्विजयला हाक मारली. दिग्विजय म्हंजे बावड्याचाच एक पोरगा, तिच्यासंगंच शिकणारा, हात असं लांब की उभ्या उभ्या पायाची नखं कापंल. त्यानं बंदूक उचलली, खांद्याला लावली... आन बसली! अशी बसली की जणू त्याच्यासाठीच केली! माझं टेबल, माझ्या वस्तादाची कड, माझ्या कैचीचा ओरखडा, आन फिट्ट कुणाला, तर बावड्याच्या दिग्विजयला! पोरगं चांगलं हाय बरं का, मला म्हणतंय, "काका, लई भारी केलाय दस्ता." मी म्हणलं, व्हय बाबा.

सुभेदार म्हणलं, "निवड पंधरा दिवसांवर हाय. बंदूक एक हाय. हाय तशी ज्याला बसती, त्याला द्यावी लागंल. न्हायतर दस्ता कापा. पण कापला की दिग्विजयच्या कामाचा राहात न्हाय, आन जयवंता मानंच्या दुखण्यातनं सावरली न्हाय तर दोन्ही पोरं गेली. इचार करून सांगा." आन जयवंता तिकडं भिताडाला टेकून उभी, सगळं ऐकतीय, दोन्ही बाह्या वर!

परतीच्या यस्टीत बापलेक शेजारी बसलो, सुभेदारांनी संगट दिलेली बंदूक मांडीवर. इंदापूरच्या रस्त्याला निस्ता ऊस दोन्ही बाजूला, बघायला काय न्हाय. मी म्हणलं, सांगायचं न्हाय का मला? ती म्हणली, "मला वाटलं वाढीन."

मला वाटलं वाढीन! आता बापानं काय करावं ह्याच्यावर?

घरी आलो. निवडीसाठी तिला नवीन शर्ट पायजे हुता, पांढरा. भुईवर कापड आंथरलं, टेप घेतला. कोपर, मनगट, खांदा, माप घेतलं. खडू घेतला. आन हात आपला चालला की नेहमीच्या वाटंनं, मनगटाच्या खाली चार बोटं. तवा जयवंतानं माझ्या खडूवर हात ठेवला. तिनं मला जल्मात कधी आडवलं न्हवतं. म्हणली, "आबा, मी कवाबी बघावं तर पुढच्या सालाच्या कापडात. एकदा ह्या सालाचं शिवा की. मी आत्ता हाय तेवढीच हाय."

तिच्या आईनं, गोजरनं, चुलीम्होरचं तोंड वळवलं. म्हातारीची सुपारी थांबली. अहो, सगळ्या गावाची लेकरं मी नुस्ती उद्याच्या मापात उभी केली हुती, आन मला कधी कुणी असं म्हणलं न्हवतं. माझ्या डोळ्याला पाणी आलं, सांगतो उघड, त्यात काय लाजायचं.

मी खडू उचलला आन मनगटावर बरुबर रेघ मारली. माया ठेवली न्हाय. जल्मात पहिल्यांदा माया न ठेवता कापड कापलं, आन कैची दोनदा थांबवून रेघ पुन्हा बघितली.

आन सकाळी बंदूक घिऊन गेणबाकडं! गेणबा तर आडवाच पडला. "ह्यो दागिना कापायचा? माझा हात वळत न्हाय कुंडलिकराव! तुमीच माप दिलं हुतं!" मी म्हणलं, माप बरुबर हुतं! करवत दे! मीच खडूनं रेघ मारली, चार बोटांवर, मीच करवत धरली. निम्मी कापली तवा मागनं म्हातारी आली वरडत, काठी टेकत, "आरं थांब! कापतोस तर एकदम तुकडा पाडू नगं! चकत्या कर, बोटबोटाच्या! दुमड उसवतो तशी एक एक लावता यील!" आता त्या तापल्या घडीला तिच्याशी कोण भांडणार? चार चकत्या केल्या. बुडाला टायर परत ठोकला. लांब स्क्रूला भोक ठेवलं, म्हंजे उद्या पोरगी वाढली की चकती घालायची न् आवळायची.

सुभेदारांनी बघितलं, आन कपाळावर हात मारला. म्हणलं, "कुंडलिकराव! ह्येच तर मी पुस्तकात दावलं हुतं तुमाला! चकत्या मधी घालायच्या, काढायच्या! तवा तुमी कुठं बघत हुता?"

मी म्हणलं, जाकिटाकडं.

चकत्या म्हातारीनं चंचीत घातल्या, पानसुपारीबरुबर. सुभेदार म्हणलं, द्या, दिग्विजयला त्या लावून मारता यील, एकाच बंदुकीवर दोघं मारतील. म्हातारी म्हणली, "ह्या माझ्या नातीच्या वाढीच्या हायत. परक्याच्या अंगाला लावायच्या न्हाईत." पल्टनीतल्या माणसाला जे जमलं न्हाय त्ये म्या काय जमवावं? पुढं दिग्विजयच्या बापानं त्याला त्या अल्युमिनियमच्या सांगाड्याची नवी बंदूकच आणली, सांगाडा वाढतो बी आन आखडतो बी. म्हणून जीव भांड्यात पडला माझा.

निवडीला आमी सगळी गेलो. बारामतीतल्या एका शाळंचा मोठा हॉल. म्हातारीला दिसत न्हाय फारसं, मोतीबिंदू, पण ती हट्टानं आली. जयवंता उभी राहिली. पांढरा शर्ट, बाही मनगटावर बरुबर. मी बघतोय, बघतोय, ती काय तरी करती पण काय त्ये कळंना... मग ध्यानात आलं. ती बाह्या सारत न्हवती! हातांना सारायला कायच न्हवतं, म्हणून हात नुस्तं शांत बंदुकीवर. गाल लाकडावर टेकला, माझ्या टेबलावर, त्या ओरखड्याच्या जवळ. बूड खांद्यात बसलं. मान सरळ. मानंचं दुखणं पार गेलं न्हवतं, मधी दोनदा बंदूक खाली ठेवून ती मान चोळत उभी राहिली. ते दोन महिने कुठं भरून येत्यात पंधरा दिवसांत? आली तिसरी. तिसरी! पण पहिलं तिघं पुण्याला, तीन म्हंजे तीन.

मग बक्षिसाला लाकडाची तीन खोकी मांडली. एक उंच, एक मधलं, आन एक ठेंगणं. जयवंता ठेंगण्या खोक्यावर चढली. बाकीची दोघं तिच्यापरीस डोकं डोकं वर. पण म्हातारीला त्ये कुठलं दिसतंय? तिला दिसली नुस्ती खालच्या गर्दीच्या डोक्यांवर निघालेली, पांढऱ्या शर्टातली तिची नात. माझा हात तिनं असा धरला, नखं रुतली. "कुंडल्या! आरं... वाढली की रं माझी बाय! मी म्हणलं न्हवतं, वाढंल म्हणून?" आन भर हॉलात चंची सोडली, पान, सुपारी, चुना, आन त्यातनं त्या चार चकत्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "लाव आता. सगळ्या लाव."

तिला काय सांगू? आई, ती खोक्यावर उभी हाय, सांगू? ...न्हाय सांगितलं. जयवंताकडं बघायला मला बी मान वर करावी लागत हुती, त्ये काय खोटं हुतं व्हय?

त्या गोष्टीला आता दोन दिवाळ्या झाल्या. पोरगी पुण्याला हाय. सुट्टीला आली की मी गुपचूप टेप लावून बघतो. बोटभर वाढली न्हाय, मंडळी. बघा म्हंजे, माप माझं बरुबर हुतं! आन त्या चार चकत्या हितंच हायत, ह्या मशीनच्या ड्रॉवरात, बटणांच्या डबीमागं. म्हातारी मात्र दर आयतवारी दुकानाच्या दारात येऊन इचारती, "कुंडल्या, लावल्या का रं चकत्या?" मी म्हणतो, "लावल्या." ती म्हणती, "बरुबर बसलं का?" मी म्हणतो, "बसलं." आन ड्रॉवर पुढं लोटतो, आन कापड कापाया पुन्हा भुईवर बसतो.

...हां, बोला आता तुमचं. कुणाचा शर्ट हाय? नातवाचा व्हय? पोराला घिऊन या मग. तोंडी माप मी आता घेत न्हाय.